परदेशी सेमिस्टरच्या करारात खोलीचं कोण लिहिणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशात एक सेमिस्टर करून आलेल्या मुलामुलींवर पानभर मजकूर होता. फोटो छान होते, सगळे कुठल्यातरी पुलावर नाहीतर चौकात उभे आणि प्रत्येकाच्या खाली क्षितिजं विस्तारली, दृष्टी बदलली असलं एकेक वाक्य. माझं त्यावर काही म्हणणं नाही, माझ्याकडेही तसले फोटो आहेत, ब्रांडेनबुर्ग गेटसमोरचा तर आईने अजून डीपी ठेवलाय. पण अख्खं पान वाचून झाल्यावर लक्षात आलं की यातलं कोण तिथे राहिलं कुठे हे कुणी विचारलेलंच नाही. आणि मला विचाराल तर त्या सहा महिन्यांतला सगळ्यात मोठा विषय तोच होता, बाकी सगळं त्याच्या मागून आलं. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण खोलीचा भाग तेवढा ठेवा.

मी नगररचना शिकते. मास्टर्सला असताना २०२४-२५ चं विंटर सेमिस्टर बर्लिनला केलं. विद्यापीठांची नावं मुद्दाम लिहीत नाही, इथल्याचंही नाही आणि तिथल्याचंही नाही, कारण मला कुणाला एकाला पकडून झोडायचं नाहीये आणि माझ्याबरोबर वेगवेगळ्या देशांतून आलेल्या पोरांशी बोलले तेव्हा सगळ्यांची रड साधारण सारखीच निघाली.

एक्स्चेंज म्हणजे दोन विद्यापीठांचा करार असतो, तुमची मुलं आमच्याकडे, आमची तुमच्याकडे, ट्यूशन फी कुणी कुणाला लावायची नाही. करारात क्रेडिट असतात, दरवर्षी किती मुलं ते असतं, कुणाची सही कुठे ते असतं. राहण्याबद्दल आमच्या करारात एकच वाक्य होतं, यजमान विद्यापीठ निवासाबाबत साहाय्य करेल. साहाय्य म्हणजे एक पीडीएफ आली. त्यात अकरा लिंका, त्यातल्या तीन उघडतच नव्हत्या. विद्यार्थी वसतिगृहाचा फॉर्म मी निवड झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भरला होता, त्याचं उत्तर डिसेंबरात आलं, तुम्ही अजून वेटिंग लिस्टवर राहू इच्छिता का म्हणून. मी हो लिहिलं, गंमत म्हणून.

आता पैशाचं गणित बघा, कारण घरच्यांना हेच आधी कळत नाही. व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो या हिशोबाने रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये टाकून दाखवायची असते, सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा आहे, त्याआधी ९३४ होता. ब्लॉक्ड म्हणजे खरंच ब्लॉक्ड, पैसे तुमचेच पण दर महिन्याला तेवढेच बाहेर येणार. आणि खोली घेताना तिथल्या कायद्याप्रमाणे मालक तीन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट मागू शकतो, तेही काल्टमीटेच्या तिप्पट, म्हणजे हीटिंग वगैरे न धरता जे थंड भाडं असतं त्याच्या. वर पहिल्या महिन्याचं गरम भाडं, म्हणजे हीटिंग वगैरे धरून, वेगळं. म्हणजे व्हिसा देताना सरकार म्हणतं महिन्याला एवढ्यात भागतं, आणि पहिल्याच महिन्यात त्याच्या दुपटीने खर्च दारात उभा. हे अंतर ज्याच्या घरी भरून काढता येतं तो जातो, ज्याच्या नाही तो निवड होऊनसुद्धा नाव मागे घेतो. आमच्या विभागात एकाने घेतलं. त्याचा फोटो अर्थातच कुठल्या पुरवणीत नाही.

मी जायच्या दोन महिने आधीपासून खोली शोधत होते. बर्लिनमध्ये विद्यार्थी बहुतेक वेगेमध्ये राहतात, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून फ्लॅट घ्यायचा आणि एक खोली रिकामी झाली की जाहिरात टाकायची. मी एकूण ७३ मेसेज पाठवले (मोजलेत, एक्सेल होती), उत्तरं आली नऊ, व्हिडिओ कॉल झाले चार. या कॉलला ते लोक कास्टिंग म्हणतात आणि ते तसंच असतं, तीन जण सोफ्यावर बसून तुमच्याकडे बघतात आणि विचारतात तुला एकत्र स्वयंपाक आवडतो की आपापलं, पार्टीबद्दल काय मत, भांडी लगेच घासतेस का. मी सगळ्याला हो म्हटलं. नंतर एका मुलीने सांगितलं की सगळ्याला हो म्हणणारे पहिल्या फेरीतच बाद होतात.

नववं उत्तर मला खूप आवडलं होतं. सुंदर खोली, बाल्कनी, भाडं परवडणारं, मालकीणबाई म्हणे नोकरीनिमित्त दुसऱ्या देशात आहेत त्यामुळे प्रत्यक्ष दाखवता येणार नाही, डिपॉझिट पाठवा, चावी कुरियरने येईल. पासपोर्टची कॉपीसुद्धा पाठवली त्यांनी विश्वास बसावा म्हणून. मी पैसे पाठवायच्या इतकी जवळ आले होते की फॉर्म भरून झाला होता, फक्त ओटीपी राहिला होता. बाबांनी सहज विचारलं, ही बाई तुझ्याशी फोनवर बोललीय का. नव्हती बोलली. फोनवर बोला म्हटल्यावरही बोललीच नाही, गायबच झाली. माझ्या नंतरच्या वर्गातली एक मुलगी अशाच एका चावीची वाट बघत विमानात बसली होती, तिचे गेले पैसे. जी फसली ती मूर्ख होती असं कृपया कुणी म्हणू नका, ७३ मेसेज पाठवून बघा आणि मग म्हणा.

२४ सप्टेंबरला पोचले ती थेट बॅकपॅकरवाल्या हॉस्टेलात, आठ बेडची खोली, वरचा बंक. तिथे जवळजवळ चार आठवडे काढले. आणि खरा घोळ इथून सुरू होतो, कारण जर्मनीत नुसतं राहून चालत नाही, राहताय हे कागदावर यावं लागतं. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे तिथल्या नागरिकांच्या कामांच्या सरकारी ऑफिसात, जाऊन पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घर देणाऱ्याचं सही केलेलं पत्र लागतं, त्या पत्राचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, हा एक शब्द आहे, मी चार दिवस पाठ करत होते. हॉस्टेल असलं पत्र देत नाही. पत्र नाही तर नोंद नाही. मी ज्या बँकेत गेले तिथे खातं उघडायला नोंदीचा कागद मागितला, आणि तिथलं खातं नाही तर ब्लॉक्ड अकाउंटातले माझेच पैसे माझ्याकडे येणार कुठे. आणि पैसे हातात नाहीत तर डिपॉझिट कुठून देऊ, आणि डिपॉझिट नाही तर खोली कुठली. तुम्हाला वाचून चक्कर आली असेल तर बरोबर आलीये.

शेवटी खोली मिळाली ती ७३ मेसेजमधून नाहीच. कॉलेजातल्या नोटीस बोर्डावर, हो, कागदी, खाली फोन नंबरच्या कातरलेल्या पट्ट्या असतात तसल्या. वेडिंग भागात जुन्या इमारतीत चौथा मजला, लिफ्ट नाही, मागच्या अंगणाकडची खोली. बर्लिनच्या जुन्या इमारती अशा असतात की रस्त्यावर एक इमारत, तिच्या मागे अंगण, अंगणामागे अजून एक इमारत, कधी त्याच्याही मागे अजून एक. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कामगारांना दाटीवाटीने बसवायला बांधलेल्या. पुढच्या बाजूला उजेड आणि ऐपत, मागे बाकीचे. माझ्या खोलीत ऑक्टोबर ते मार्च ऊन आलं नाही. मला काही फरक पडत नव्हता, मला दार लावता येत होतं.

ती खोली एका मुलाची होती आणि तो स्वतः एका सेमिस्टरसाठी दुसऱ्या देशात गेला होता. त्याला सहा महिने दोन भाडी भरणं शक्य नव्हतं म्हणून पोटभाडेकरू हवा होता. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावर येणार आहे.

तर मग पत्र मिळालं, आता अपॉइंटमेंट. कायदा म्हणतो दोन आठवडे, आणि साईटवर बघावं तर पुढच्या दोन महिन्यांत एक तारीख मोकळी नाही. तिथल्या लोकांना हे इतकं सवयीचं आहे की रूममेट म्हणाला, दंड वगैरे कुणी लावत नाही, सकाळी लवकर पेज रिफ्रेश करत बस, रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात. मी आठवडाभर तेच केलं. शेवटी एक वेळ मिळाली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बर्लिनमध्ये कुठल्याही भागातल्या ब्युर्गरआम्टमध्ये गेलं तरी चालतं ही त्यातल्या त्यात सोय. जायला तासभर, आत काम नऊ मिनिटांचं. फॉर्मवर धर्म कोणता असा कॉलम आहे, मी दचकलेच, काउंटरवरच्या बाई हसून म्हणाल्या तो चर्चच्या टॅक्ससाठी आहे, तुम्ही रिकामा सोडा. शिक्का मारला, कागद हातात दिला. तारीख १९ नोव्हेंबर. मी येऊन आठ आठवडे झाले होते आणि सरकारी दृष्टीने मी त्या दिवशी बर्लिनमध्ये आले.

यानंतर पत्रं यायला लागली. पहिलं टॅक्स नंबरचं. दुसरं रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, दर घराला महिन्याला १८ युरो ३६ सेंट, टीव्ही असो नसो. मी घाबरून फ्लॅटवाल्यांना दाखवलं, ते म्हणाले घरटी एकच भरायची असते, आपल्यातला एक भरतोय, त्याचा नंबर लिहून पाठव झालं. आणि पत्र येण्यासाठीही एक अट होती जी मला कुठल्या पीडीएफने सांगितली नव्हती. तिथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा नंबर आणि तुमचं नाव, बस. पोस्टमन खालच्या डब्यांवरची नावं बघतो, नाव नसेल तर पत्र परत. म्हणजे डब्यावरचं नाव हाच तुमचा पत्ता. रूममेटने एका चिठ्ठीवर माझं आडनाव लिहून सेलोटेपने चिकटवलं, स्पेलिंग चुकवलं, मी पुसून परत लिहिलं. त्या दिवशी खाली जाऊन तीनदा बघून आले. कशासाठी ते सांगता येणार नाही.

अभ्यासाबद्दल पण लिहायला हवं नाहीतर लोक म्हणतील ही शिकायला गेली होती की भाड्याने राहायला. लेक्चर मध्य ऑक्टोबर ते मध्य फेब्रुवारी. पहिल्या दिवशी वेळापत्रकात १० होते म्हणून मी पावणेदहाला जाऊन बसले, दहा वाजले तरी वर्गात मी एकटी, वाटलं खोली चुकली. मग कळलं वेळेपुढे सी.टी. लिहिलेलं असेल तर तास सव्वाला सुरू होतो, लॅटिनमधल्या कुम टेम्पोरेचं ते लघुरूप, जुन्या विद्यापीठांतली पद्धत. एस.टी. लिहिलं असेल तर मात्र ठोक्याला. आणि तास संपला की टाळ्या नाहीत, सगळे बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात. मला ते इतकं आवडलं की परत आल्यावर एका सेमिनारला सवयीने केलं आणि सरांनी विचारलं काय पाहिजे. मार्कांचं तिथे उलटं, १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास, त्यामुळे माझे १.७ इथल्या ऑफिसात ज्यांनी पाहिले त्यांनी आधी मला धीर दिला. ते गुण इथल्या मार्कशीटवर यायला पुढचे पाच महिने लागले, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

शिकले काय ते एकाच गोष्टीवरून सांगते. नोव्हेंबरात आमच्या वर्गाला टेम्पेलहोफला नेलं होतं. हा शहराच्या मधोमध जुना विमानतळ, १९४८-४९ मध्ये पश्चिम बर्लिनची नाकेबंदी झाली तेव्हा अन्न आणि कोळसा विमानाने जिथे उतरवला तो. २००८ मध्ये बंद झाला, २०१० मध्ये लोकांसाठी उघडला. तीनशे हेक्टरहून जास्त मोकळं मैदान, धावपट्टीवर लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात, वारा असा की कान दुखतात. शहराला कडेकडेने घरं बांधायची होती, २०१४ मध्ये लोकांनी मतदान घेऊन नाही म्हणून सांगितलं. प्राध्यापकांनी आम्हाला तिथे धावपट्टीवर उभं करून विचारलं, तुम्ही कुठल्या बाजूने मत दिलं असतं. माझ्या हातात तेव्हा आनमेल्डुंगसुद्धा नव्हतं, थंडीने नाक गळत होतं, मी म्हटलं बांधा, उद्या बांधा. एक मुलगा म्हणाला, इथे बांधलेलं घर तुला परवडेल असं तुला कुणी सांगितलं? जन्मापासून तो त्याच भागात राहिलेला, दर दोन वर्षांनी त्याच्या गल्लीतलं एकेक दुकान आणि एकेक ओळखीचं घर जाताना बघितलेला. तोच म्हणाला की २०२१ मध्ये तीन हजारांहून जास्त फ्लॅट असलेल्या बड्या कंपन्यांची घरं सार्वजनिक मालकीची करा यासाठीही बर्लिनमध्ये सार्वमत झालं, निम्म्याहून जास्त लोकांनी हो म्हटलं. मी निघेपर्यंत त्याचा कायदा झालेला नव्हता. पुस्तकात मी घरांची टंचाई म्हणून दोन परिच्छेद वाचले होते, आकृतीसकट. धावपट्टीवर उभं राहून वाद घालताना पहिल्यांदा कळलं की ज्याला आज खोली हवीये आणि ज्याला आपली खोली सोडायची नाहीये ते दोघेही बरोबर असू शकतात आणि तरीही एकमेकांच्या विरोधात मत देतील. अजूनही मला विचारलं तर मी कडेकडेने बांधा म्हणेन. पण तेव्हासारखं ओरडून नाही.

आणि अजून एक. माझ्या इमारतीच्या दारासमोर फुटपाथमध्ये पितळेचे तीन चौकोन बसवलेले होते, तळहाताएवढे. पहिले काही दिवस मी त्यावरून बॅग ओढत गेले. त्यांना श्टोल्परश्टाइन म्हणतात, ठेच लागावी असे दगड. गुंटर डेमनिग नावाच्या कलावंताने हे काम सुरू केलं आणि आता युरोपभर असे एक लाखाहून जास्त बसलेत. नाझींनी ज्यांना नेलं, मारलं, त्यांनी स्वतःच्या मर्जीने निवडलेलं शेवटचं घर जिथे होतं त्या दारासमोर हा दगड बसवतात. सुरुवात एकाच शब्दजोडीने, हिअर वोन्टे. इथे राहत होते. मग नाव, जन्माचं वर्ष, कुठल्या तारखेला नेलं, कुठे. आमच्या दारातली तिन्ही आडनावं एकच होती.

९ नोव्हेंबरला संध्याकाळी खाली उतरले तर माझी दुसरी रूममेट गुडघ्यावर बसून ते दगड धातूच्या पॉलिशने घासत होती, बाजूला मेणबत्ती. १९३८ मध्ये त्याच रात्री ज्यूंची प्रार्थनास्थळं, दुकानं जाळली होती. आणि बर्लिनची भिंत पडली तीही ९ नोव्हेंबरलाच, १९८९ ची, त्या दिवशी ३५ वर्षं होत होती म्हणून मध्यभागात भिंत जिथून जायची त्या रेषेवर लोकांनी केलेली पोस्टर्स लावली होती, गर्दी, गाणी. मी आधी मेणबत्तीजवळ थांबले आणि मग गर्दीत गेले, दोन्ही एकाच संध्याकाळी. नंतर एकदा बेर्नाउअर श्ट्रासेवर चालत गेले, आमच्या घरापासून लांब नाही. तिथे १९६१ मध्ये असं होतं की इमारत पूर्व बर्लिनमध्ये आणि तिच्या दारातला फुटपाथ पश्चिम बर्लिनमध्ये. ऑगस्टमध्ये सीमा बंद झाली तेव्हा लोक खिडक्यांतून फुटपाथवर उड्या मारत होते, म्हणजे देश बदलत होते. मग दारं-खिडक्या विटांनी बुजवल्या आणि राहणाऱ्यांना बाहेर काढलं. मी अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून रडत होते त्याच आठवड्यात हे वाचत होते, रडणं काही थांबलं नाही, पण त्या शहरात पत्ता या गोष्टीला इतकं वजन का आहे ते थोडं उमगलं असं वाटतं. कदाचित मी ओढूनताणून जोडतेय, काउंटरवरच्या बाईंना हे ऐकवलं असतं तर त्यांनी पुढचा नंबर पुकारला असता.

डिसेंबरबद्दल दोन ओळी. दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो आणि सकाळी सव्वाआठला उगवतो, मधल्या वेळेतही ढग असतात. आमच्यातला एक मुलगा तीन आठवडे खोलीबाहेर आलाच नाही, आम्हाला वाटलं अभ्यास करतोय. मी स्वतः दोन-तीनदा रिंगबानमध्ये, म्हणजे गोल फिरणाऱ्या लोकलमध्ये, नुसती बसून राहिले, एस ४१ घड्याळाच्या दिशेने आणि एस ४२ उलट, साधारण तासाभरात शहराला पूर्ण चक्कर मारून जिथून चढलो तिथेच आणते, आत उबदार असतं, माणसं असतात, सेमिस्टर तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचा पास, होताच. त्याला एकटेपणा म्हणतात हे मला नंतर कळलं. जानेवारीच्या शेवटी संप झाला, यू-बान म्हणजे मेट्रो, ट्राम आणि बहुतेक बस बंद, एस-बान म्हणजे लोकल मात्र चालू कारण ती वेगळी कंपनी, तर त्या दिवशी मीच एका नवीन आलेल्या मुलीला फोनवर सांगत होते की घाबरू नकोस, अमुक स्टेशनपर्यंत चालत जा आणि रिंग पकड. फोन ठेवल्यावर जाणवलं, अरे, मला येतंय हे.

आता मुद्द्यावर, म्हणजे ज्यासाठी तुम्हाला लिहायला घेतलं. दरवर्षी करार वाढताहेत, सह्या करतानाचे फोटो तुमच्याच पेपरात येतात, ते चांगलंच आहे. पण करारात क्रेडिटच्या कलमाएवढंच कडक कलम खोलीचं हवं. वसतिगृह द्या असा हट्ट नाही माझा, बर्लिनसारख्या शहरात तिथल्या मुलांनाच मिळत नाही तर आम्हाला कुठून. पण मला खोली कशी मिळाली ते आठवा. तिकडून एक मुलगा सेमिस्टरसाठी बाहेर गेला म्हणून त्याची खोली रिकामी झाली. प्रत्येक विद्यापीठातून दर सेमिस्टरला मुलं बाहेर जातात आणि तितक्याच खोल्या तितक्याच महिन्यांपुरत्या रिकाम्या होतात, आणि नेमकी त्याच महिन्यांसाठी बाहेरून मुलं येतात. दोन्ही याद्या त्याच ऑफिसात, बहुतेक त्याच टेबलावर असतात. जाणाऱ्यांच्या फॉर्मवर एकच रकाना वाढवायचा, तुमची खोली पोटभाड्याने द्यायची आहे का आणि घरमालकाची परवानगी आहे का. ही यादी येणाऱ्यांना पाठवायची. नोटीस बोर्डावर कातरलेल्या पट्टीच्या भरवशावर हे राहू नये. ओळखीच्या विद्यापीठाच्या मुलाकडून खोली घेताना चावी कुरियरने येईल असं सांगणारी मालकीणबाई मध्ये येत नाही हा अजून एक फायदा.

दुसरं, डिपॉझिट. विद्यापीठाने किंवा माजी विद्यार्थ्यांच्या संघाने एक फिरता निधी ठेवावा, तीन महिन्यांच्या भाड्याएवढं उसनं, डिपॉझिट परत मिळालं की पैसे परत. ही शिष्यवृत्ती नाही, पैसे बुडतही नाहीत फारसे. माझं डिपॉझिट मे महिन्यात पूर्ण परत आलं. मागे ज्याने नाव काढून घेतलं म्हटलं त्याला एवढंच पुरलं असतं, मी त्याला विचारलंय.

आणि तिसरं, यातलं काहीच जमणार नसेल तर निवडीच्या नोटिशीत तसं स्पष्ट छापा की राहण्याची सोय तुमची तुम्ही बघायची आहे आणि त्याला तीन महिने लागू शकतात. साहाय्य केलं जाईल हा शब्द काढून टाका.

हे लिहिताना एक गोष्ट आठवली आणि ती सांगितली नाही तर बरोबर नाही. मी जायच्या आदल्या वर्षी आमच्या वर्गात तिकडून एक्स्चेंजवर आलेले दोघं होते. त्यांच्याबरोबर मी एक पूर्ण सेमिस्टर प्रोजेक्ट केला, रस्त्यांची मापं घेत फिरलो, मी त्यांना शहराबद्दल चिक्कार माहिती पुरवली. ते कुठे राहतात हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. बर्लिनमध्ये त्यातली एक भेटली तेव्हा विचारलं. म्हणाली पहिले पाच आठवडे दर आठवड्याला जागा बदलली, तुम्हाला सांगायला लाज वाटायची. तेव्हा तो रकाना इकडच्या फॉर्मवर आधी टाका.

निघताना पत्ता रद्दही करावा लागतो, त्याला आबमेल्डुंग म्हणतात, ते मात्र पोस्टाने झालं, अपॉइंटमेंट लागली नाही. खालच्या डब्यावरची चिठ्ठी मी काढायला विसरले. जूनमध्ये रूममेटने फोटो पाठवला, माझ्या नावाने पुन्हा एक पत्र आलंय, रेडिओ-टीव्हीवाल्यांचं.

आपली नम्र,
नगररचनेची एक विद्यार्थिनी

ता.क. नाव आणि पत्ता वेगळ्या कागदावर जोडलाय. छापू नये ही विनंती.